गाडी धरून ठेवणारं गाव

परवा सकाळी अमरावतीत माझ्या खोलीखालच्या चौकात झेंडूचे ढीग उतरले. खिडकी उघडली आणि वास वर आला. झेंडूचा वास तसा गोड नव्हेच. उग्र, कडवट, हिरवट, एकदा बोटांना लागला की साबणालाही न जुमानणारा. त्या वासानं लोकांना दसरा आठवतो, दारावरची तोरणं आठवतात. मला गाडी आठवते. धुळीनं माखलेली, काचा खडखडवत येणारी आमची सकाळची लाल गाडी, आणि तिच्यासाठी सारा गाव एकमेकांशी भांडला तो आश्विन.

आमचं सावरडोह अकोला-पातूर रस्त्यापासून बरंच आत. नदीच्या काठानं आम्हा माळ्यांचे मळे, पलीकडे काळीची वावरं. आमच्याकडे झेंडू, शेवंती, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पलीकडे कपाशी, तूर, सोयाबीन. सकाळची गाडी रिकामी आत यायची, शेवटच्या गावाहून वळायची आणि वाटेतली चार-पाच गावं गोळा करत अकोल्याला जायची. गावाचं अकोल्यातलं सगळं काम त्या एका फेरीवर. दवाखाना, बाजार, कोर्टाची तारीख, आणि आम्ही कॉलेजच्या पोरी. गाडी चुकली तर फाट्यापर्यंत पायी, तिथून काळीपिवळी जीप, आणि काळीपिवळीचा कारभार असा की दाटीवाटीनं भरल्याशिवाय ती हलायची नाही.

त्या दिवसांतली गाडी मला अजून नाकानं आठवते. पुढच्या बाकाखाली पातूरकडच्या डोंगरातली सीताफळं, पिकायला टेकलेली. मधल्या वाटेत फुलांची गठुडी, वरून ओला कपडा टाकलेला. कुणाच्या लुगड्याला सोयाबीनचा भुसा, कुणाच्या केसांत कापसाचा धागा. खिडकीतून येणारी हवा गार, आणि उन्हं वर आली की तीच भाजायला लागायची. आदल्या संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणून घसा बसलेल्या लहान पोरी आयांच्या मांडीवर पेंगत असायच्या. मी खिडकीशी बसून रसायनशास्त्राची समीकरणं घोकायची. पुस्तकाच्या पानांना झेंडूचे पिवळे डाग पडलेले असायचे, कारण फुलं तोडून मी तशीच निघालेली असायची.

एवढं सगळं होतं. फक्त ती गाडी कधीच वेळेवर नसायची.

माझं शेवटचं वर्ष होतं. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या वर्गातली, आमच्याच गावची वनिता प्रॅक्टिकलला पोहोचलीच नाही. गाडी आली तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. पुढं तिनं कॉलेज सोडलं, म्हणजे सोडवलं. आमचे बाबा शिकवण्याच्या विरोधात कधीच नव्हते, पण त्यांनी मला सरळ सांगून ठेवलं होतं, गाडी राहिली तर कॉलेज राहील. शहरात खोली करून राहणं आमच्या घराला झेपणारं नव्हतं आणि काळीपिवळीत दोन्ही वेळा कोंबून जाणं त्यांना मान्य नव्हतं. त्यामुळे मी त्या गाडीवर जीव लावून होते, आणि तिला रोज शिव्याही देत होते. शिव्या आगाराला, ड्रायव्हरला, रस्त्याला. आमच्या गावात गाडीच्या उशिरावर न बोलणारा माणूस सापडला नसता.

आणि गाडीला उशीर कोण करत होतं, तर आम्हीच.

आमच्याकडे गाडी धरून ठेवायची रीत होती. थांब्यावर जो आधी पोहोचेल त्यानं एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवायचा, दुसरा जमिनीवर, आणि गावाकडे तोंड करून उभं राहायचं. एवढ्यानं काम होई. पाय कुणाचा का असेना, तो उचलल्याशिवाय गाडी हलायची नाही. मग गल्लीतून आवाज येणार, थांबा, आमची माय येऊन राहिली. न्हाणीतून आवाज येणार, निंघालोच. जावई सासरहून परत निघाला असेल तर गाडी थांबणं हा त्याचा मानच, आणि न थांबली तर सासऱ्याची मान खाली. बाळंतिणीसाठी थांबायची, म्हाताऱ्यांसाठी थांबायची, आणि ज्यांना यातलं काहीच नव्हतं त्यांच्यासाठीही थांबायची, कारण काल दुसऱ्यासाठी थांबली होती. तोवर ड्रायव्हर रहीमभाईंसाठी कुणाच्या तरी घरून चहा यायचा. तो त्यांनी नाकारला तर घरधनीण रुसायची. बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्यायलेला तो चहा मला अजून दिसतो. रहीमभाई भला माणूस. साऱ्या गावाला नावानिशी ओळखायचे, आणि त्या ओळखीतच गाडीची वेळ बुडायची.

त्या वर्षी नवरात्राच्या थोडं आधी गावातले चौघे जण आगाराच्या साहेबांकडे तक्रार घेऊन गेले. पुढारी दादाराव काका. गावातलं मोठं प्रस्थ, आवाज असा की नदीपलीकडून ऐकू यावा. त्या दिवशी दादाराव काकांच्या कोटाला इस्त्री व्हायची होती. गाडी उशिरा येते हे सांगायला जाणारी मंडळी पायरीवर पाय ठेवून उभी राहिली, कोट येईपर्यंत. मी आत बसून हे पाहत होते. हसावं की उतरून चालायला लागावं ते कळेना.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आज कोणत्या गाडीनं आलात, ती का उशिरा आली. तिघांनी दादाराव काकांच्या कोटाकडे पाहिलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की हीच गाडी अकोल्याहून पुढं दुसऱ्या रस्त्यावर जाते. ती आमच्याकडे रखडली की तिकडच्या फाट्यावर तिकडची माणसं ताटकळतात, त्यांच्याही पोरींचे पेपर असतात. ती तुम्हाला दिसत नाहीत, मला रोज त्यांची बोलणी खावी लागतात, असं ते म्हणाले. दिवाळीपर्यंत गाडी वेळेवर अकोल्यात पोहोचली तर फेरी राहील. नाहीतर ती बंद करून गाडी जिथं चालेल तिथं देऊ.

दादाराव काकांनी देवळाच्या पारावर येऊन सांगितलं की साहेब फार अकडू आहे. पण त्यांच्यासोबतच्या एकानं घरी खरं सांगितलं, आणि घरातलं खरं दुसऱ्या दिवशी आमच्या झेंडूच्या वाफ्यात पोहोचलं. फुलं तोडायला आठ-दहा बाया होत्या. बहुतेकींचा माल त्याच गाडीनं जाणारा. माझी माय, शांताबाई, वाकूनच तोडत होती. ती बोलायची कमी आणि बोलली की दुसऱ्याला फारशी जागा ठेवायची नाही.

"खोटं काय बोलला थो सायेब?" ती म्हणाली. "आपूनच धरतो गाडी. आता नाही धराची."

झालं एवढंच. ना ठराव, ना सभा. पायरीवर पाय ठेवायचा नाही, आला तो चढेल, उरला तो उरेल. रहीमभाईंचा चहा सकाळी बंद, संध्याकाळच्या फेरीला सुरू. रहीमभाईंना हे सांगायला माय स्वतः गेली तेव्हा ते घाबरलेच. आज मी थांबलो नाही तर उद्या गाव मला बोलेल, असं त्यांचं म्हणणं. मायनं सांगितलं, गावाचं आम्ही पाहून घेऊ, तुम्ही रस्त्याचं पाहा.

पहिले काही दिवस मजेचे गेले, म्हणजे आता मजेचे वाटतात. एका चपलेत पाय आणि दुसरी हातात अशी माणसं गाडीमागे धावली. पायरीवर सवयीनं पाय ठेवणाऱ्याला बाया दंडाला धरून आत ओढायच्या, वर ये नाहीतर उतर, मधी राहू नको. एकीचा नवरा राहिला तर ती खिडकीतून डबा फेकून निघून गेली. मग एक दिवस दादाराव काकांचा जावईच राहिला. पेढ्यांचा पुडा हातात, अंगावर नवा शर्ट, आणि समोरून गाडी गेली. त्या संध्याकाळी पारावर दादाराव काकांचा आवाज खरोखरच नदीपलीकडे गेला. माळ्याच्या बाया गाडीच्या मालकिणी झाल्या, आणि या गावातली माणुसकी संपली, असं ते बोलले.

तो शब्द मायला लागला. रात्री भाकरी थापताना तिचा हात जड पडत होता. मलाही तो लागला. आयुष्यभर कुणासाठी ना कुणासाठी थांबलेली बाई ती. मी तेव्हापासून त्या शब्दाचा विचार करत आले आहे. समोरून धापा टाकत येणारा माणूस दिसतो, त्याच्यासाठी थांबावंसं वाटतं. यात खोटं काही नाही, मलाही वाटतं. पण त्याच वेळी तिकडे, आपण कधी न पाहिलेल्या एखाद्या फाट्यावर, कुणाची तरी पोर रस्त्याच्या वळणाकडे डोळे लावून उभी असते. ती दिसत नाही म्हणून तिचं उभं राहणं कमी होत नाही. आमची माणुसकी आमच्या वेशीपाशी संपत होती आणि आम्ही तिलाच पुरी समजत होतो.

खरी अडचण वेगळीच निघाली. आमच्या गावातून गाडी वेळेवर सुटायला लागली, पण पुढच्या गावात जाऊन ती पुन्हा अडायची. तिथं गुरुजींसाठी थांबायची, दूध काढून होईपर्यंत थांबायची. आम्ही वाचवलेला वेळ ते लोक निवांत वापरायचे. त्यांना सांगून पाहिलं तर उत्तर मिळालं, तुमच्या गावचं तुम्ही पाहा, आमची गाडी आम्ही धरू. दिवाळी जवळ येत होती, माझा पहिला पेपर दसऱ्याच्या आदल्या दिवशी होता, आणि अकोल्यात आम्ही उशिराच पोहोचत होतो.

फेरी बंद झाली नाही हे आत्ताच सांगून टाकते, उगाच जीव टांगून ठेवण्यात अर्थ नाही. ती गाडी आजही येते. मागच्या महिन्यात गावी गेले होते तेव्हा तिनंच परत आले. कॉलेजच्या पोरींनी निम्मी गाडी भरली होती, कानात वायरी, हातात मोबाईल. गाडी वेळेवर येते यात काही विशेष आहे असं त्यांच्या गावीही नाही. मला ते फार आवडलं. एखादी गोष्ट इतकी नेमानं व्हावी की ती कुणी घडवली हे विचारायचं कुणाला सुचू नये, यापरतं काय हवं.

इथं अमरावतीत मी एका तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. शहर बसनं जाते, आणि ती बस रोज रखडते. प्रत्येक दुकानासमोर कुणी हात करतं, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी कुणाला उतरायचं असतं. पूर्वी मी वैतागून बसायची. या पावसाळ्यापासून मी वेगळं करते. थांबा सोडून मी हात करत नाही, माझ्या दारासमोर बस आली तरी नाही. थांब्यापर्यंत चालते. लॅबमधल्या दोघींना चालायला लावलं आहे, कॉलनीतल्या चार-पाच बायांना लावलं आहे. एक काकू म्हणाल्या, आपल्या पाच जणींनी काय होणार? मी म्हटलं, पाच ठिकाणी थांबणारी बस एका ठिकाणी थांबेल, एवढं तर आजच होईल. त्या अजून कुरकुरतात, पण येतात. मी सोडणार नाहीये. महापालिकेकडेही जाऊन आले, पुन्हा जाणार आहे, आणि जायच्या दिवशी वेळेवर थांब्यावर असणार आहे.

तर ती दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. रात्री परतीचा पाऊस येऊन गेला होता आणि आमच्या मळ्याकडची पांदणवाट चिखलानं भरली होती. वर्षभरात झेंडूला खरा भाव असतो तो त्याच दिवशी, आणि तोही सकाळच्या बाजारात. आम्ही दोघी अंधुकात तोडायला लागलो होतो. उजाडलं तसं माय म्हणाली, तू पुढं हो, पेपर आहे तुझा, मी गठुडं बांधून आलीच. मी हात न धुताच निघाले.

गाडी आली. माणसं मुकाट्यानं चढली, आता सवय झाली होती. मी दाराजवळच्या बाकावर बसले आणि पांदणीकडे पाहत राहिले. कंडक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं, दोरीला हात घातला. आणि तेवढ्यात बाभळीच्या वळणावर माय दिसली. डोक्यावर हे एवढं गठुडं, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, प्रत्येक पाऊल चिखलातून उपटून काढत येणारी. अंतर एका वावराचं. चिखल नसता तर काहीच नव्हतं.

साऱ्या गाडीनं तिला पाहिलं. आज कोणता दिवस आहे आणि त्या गठुड्यात काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. कंडक्टरबाईंचा हात दोरीवरून खाली आला. रहीमभाईंनी गिअर काढला. आणि पहिला आवाज आला तो दादाराव काकांचा. जावई राहिल्यापासून आमच्याशी न बोललेले दादाराव काका.

"थांबवा जी," ते म्हणाले. "शांताबाई हाय."

कुणी नाही म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला हवंच होतं की गाडी थांबावी. तिचे चिखलातले पाय मला बघवत नव्हते.

मायनं पाहिलं की गाडी उभी आहे, आणि आपल्यासाठी उभी आहे. ती जागच्या जागी थांबली. मग तिनं गठुडं एकटीनं खाली उतरवलं. असं कुणी करत नाही, कारण तेवढं ओझं पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागतं आणि पांदणीत दुसरं माणूस नव्हतं. दोन्ही हात मोकळे झाल्यावर तिनं हात केला. थांबवायला करतात तसा नाही. ज्वारीवरची पाखरं हाकलतात तसा, बाहेरच्या बाजूला, जा म्हणून.

गाडी तशीच उभी. तिनं पुन्हा हात केला, या वेळी जरा रागानं. रहीमभाई आरशात पाहत होते, कंडक्टरबाई माझ्याकडे पाहत होत्या. दोरी ओढायला कुणी तयार होईना. मी उठले, हात वर केला आणि डबल घंटी मारली. दोन वेळा ओढायची ती दोरी, पण मला प्रत्येक वेळी सारा जोर लावावा लागला.

पुढचं गाव आलं. तिथं नेहमीप्रमाणे घोळका होता. माणसं चढली, आणि एका गड्यानं एक पाय पायरीवर, एक जमिनीवर ठेवून गल्लीकडे तोंड केलं. गुरुजी येत आहेत म्हणाला. आमच्या बाकावरून दादाराव काका उठले. त्यांचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता.

"आमच्या गावची बाई फुलं घेऊन चिखलात उभी हाय," ते म्हणाले. "तिच्यासाठी नाही थांबली गाडी. तुह्या गुरुजीसाठी काहून थांबीन? पाय वर घे."

त्या गड्यानं दादाराव काकांकडे पाहिलं, मग गाडीतल्या आम्हा सगळ्यांकडे. आमच्या गावची माणसं, बाया, पोरी, कुणीही नजर हटवली नाही. त्यानं पाय वर घेतला. त्याच्या पुढच्या गावातही असंच झालं, आणि तिथं तर आम्हाला बोलावंही लागलं नाही, कारण आधीच्या गावात चढलेल्या लोकांनीच सांगितलं. अकोल्याला उतरलो तेव्हा मला कॉलेजच्या नळावर तोंड धुवायलाही वेळ मिळाला. बोटांचा पिवळा रंग मात्र गेला नाही, तो उत्तरपत्रिकेच्या कडेला लागला.

संध्याकाळी घरी आले तर माय अंगणात माळा ओवत बसली होती. पांदणीत बऱ्याच वेळानं कुणी आलं, त्यानं गठुडं उचलून दिलं. मग फाट्यापर्यंत पायी, तिथून काळीपिवळी. ती पोहोचेपर्यंत बाजार उतरला होता. निम्म्याहून जास्त फुलं परत आली होती आणि तिच्याभोवती अंगणभर पसरली होती. पावसाळाभर जपलेला मळा, नुसता पिवळाधमक. तिनं आधी पेपरचं विचारलं. चांगला गेला म्हटलं. पुढच्या गावात काय झालं तेही सांगितलं. ती ऐकत राहिली, सुई थांबली नाही.

मग मला राहवलं नाही. रडू येत होतं आणि रागही. मी म्हटलं, "माय, सारी गाडी उभी होती वं तुह्यासाठी. दादाराव काकासुद्धा. थांबली असती ना."

"थांबली असती," माय म्हणाली. "म्हनून त हात केला."

आणि तिनं माझ्याकडे सुई दिली, उरलेली फुलं ओवायला.